शिवेचा दगड

६ ऑगस्ट २००६, रविवार

माफ कर. फेब्रुवारीनंतर तुला हात लावला नाही. कारणं सांगत बसत नाही. कारणं माझ्याजवळ नेहमीच असतात आणि ती नेहमीच चांगली असतात, हीच तर अडचण.

मधल्या काळात झालेलं सांगते. मे महिन्यात बाबा नाशिकहून इकडे आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि बहुधा शेवटचंच — चौऱ्याहत्तर वय, दुखरे गुडघे, एवढा लांबचा प्रवास. अठ्ठावीस सप्टेंबरचं परतीचं तिकीट आहे. ते बदलायचं नाही, असं आल्या दिवशीच बजावलंय. ऑक्टोबरात धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होतात. छप्पन साली ते नागपूरला त्या गर्दीत उभे होते; यंदा पुन्हा तिथेच उभं राहायचंय. मी तरी कुठल्या तोंडाने थांबा म्हणू?

दुसरं म्हणजे म्युझियम. शनिवारी जाते तेच, आमच्या नोव्हायहून तासाभरावरचं. सप्टेंबरात तिथे ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या मूळ रहिवाशांची चित्रं येणार आहेत. आम्हा स्वयंसेवक गाइडांचं ट्रेनिंग सुरू झालंय. काही चित्रं आधीच आलीत. मी एकासमोर उभी राहिले आणि हलेचना. ठिपकेच ठिपके, लाखभर असतील. वर्तुळात वर्तुळ म्हणजे पाणवठा. रेघा म्हणजे पूर्वज जिथून चालत गेले त्या वाटा. ते चालले म्हणून डोंगर झाले, ओढे झाले. आणि कुणीही काहीही काढायचं नाही! ज्याचा मुलूख त्यानेच काढायचा. हक्क बापाकडून येतो, आजीकडून येतो. दुसऱ्याच्या पाणवठ्याला ब्रश लावायचा नाही.

ट्रेनिंगमध्ये आम्हालाच विचारलं, तुमचा मुलूख कुठला? एकीने आयर्लंडमधलं खेडं सांगितलं, एकाने केंटकीतली दरी. मी नाशिक म्हटलं. नाशिकला मी जन्मले. आम्ही नाशिकचे नाही. कुठले, ते बाबांनी कधी सांगितलं नाही. आई मनमाडची, तिलाही माहीत नव्हतं.

अठ्ठावीस सप्टेंबरच्या आत कळलं नाही तर कधीच कळणार नाही. हे लिहिताना लाज वाटते — बाप म्हणजे काही बंद होणारं ऑफिस नव्हे. पण खरं आहे ते.

९ ऑगस्ट, बुधवार

कोपऱ्यावरच्या मिसेस कोवाल्स्कींचा फोन. आवाज गोड, मजकूर अवघड. तुमचे वडील रोज सकाळी माझ्या मेलबॉक्सला हात लावतात. माझं काही म्हणणं नाही, पण का?

मला काय माहीत का! बाबा रोज सकाळी सबडिव्हिजनला, म्हणजे आमच्या वसाहतीला, पुरी फेरी घालतात, तीच वाट, त्याच बाजूने. मला वाटत होतं व्यायाम आहे. भूषण म्हणाला, "तुझ्या बाबांना सांग यार, इथे लोक लगेच नाइन-वन-वन फिरवतात." मी सांगितलं. बाबा म्हणाले, "अख्खी हयात टपाल खात्यात काढली. पेटीला हात लावायचा नाही?"

हसू आलं. उत्तर मात्र नव्हतं ते.

१३ ऑगस्ट, रविवार

मराठी मंडळाची पिकनिक. मालिनीकाकूंनी बाबांना आग्रहाने जिलबी वाढली, आणि मग तो प्रश्न. "काका, मूळ गाव कुठलं हो तुमचं?"

हा प्रश्न मी शाळेपासून ओळखते. आडनावावरून अंदाज येत नसला की गाव विचारायचं. गावावरूनही नाही कळलं तर कुलदैवत. काकूंच्या मनात कदाचित तसं काही नसेलही. कदाचित खरंच गाव हवं असेल. इतक्या वर्षांनी मला फरक करता येत नाही, याचंच वाईट वाटतं.

बाबांनी जिलबी संपवली, बोटं पुसली. म्हणाले, "नाशिक. चार दोन दोन, शून्य शून्य एक."

"अहो, पिनकोड नाही, गाव!"

"पत्र पोचतं ना तेवढ्यावर? झालं तर."

गाडीत लेक, हर्षिता, हसून लोळत होती. मीही. पण घरी आल्यावर मी न राहवून विचारलंच, बाबा, मला तरी सांगा. उठून वर निघून गेले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं.

२० ऑगस्ट, रविवार

काल सरावाची टूर. मी म्हणाले, "हे चित्र म्हणजे एक नकाशा आहे." क्युरेटर बाईंनी थांबवलं. नकाशा कुणीही उचलून वापरू शकतो. हे तसं नाही. जो तिथला आहे, त्याची जबाबदारी आहे ते. जमिनीने त्याला धरलंय आणि त्याने जमिनीला.

घरी येताना तेच डोक्यात. त्यांची जमीन हिसकावली गेली. आमची? आम्हाला ती मिळालीच नव्हती. वेशीबाहेरचे आम्ही. दोन्हींची तुलना करायला मन धावतं, पण आपलं दुखणं दुसऱ्याच्या चित्राला टांगायचं नाही. हे स्वतःला दर शनिवारी सांगायला हवं.

तरी पण त्या चित्रांचे उपकार आहेत माझ्यावर. पंचेचाळिसाव्या वर्षी काही नवीन बघून गप्प व्हायला झालं.

९ सप्टेंबर, शनिवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

चित्रकार आल्या. मेव्हिस आजी — सत्तरीच्या, ठेंगण्या, डोक्यावर लोकरी टोपी. सोबत नात, शेरील, तेवीस-चोवीसची. आजी आपल्या भाषेत बोलतात, शेरील इंग्रजीत सांगते. लोकांसमोर बसून चित्र काढायचं, असा कार्यक्रम होता. भूषण प्लान्टवर, हर्षिताची बँड प्रॅक्टिस, म्हणून बाबांना बरोबर नेलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

मी मोठ्या हौसेने टेबल, खुर्ची, पाठीला उशी मांडली होती. आजींनी एकदा बघितलं आणि सरळ जमिनीवर मांडी घातली. कॅनव्हास पुढ्यात अंथरला. आम्ही सगळे गोल उभे, माना खाली घालून. बाबा जरा वेळ थांबले, मग मला म्हणाले, "बसलेल्या माणसाकडे असं वरून बघणं बरं दिसत नाही." आणि ते गुडघे घेऊन समोर खाली बसले! पाठोपाठ मी, मग हळूहळू सगळे.

आजी ठिपके देत होत्या आणि गुणगुणत होत्या. मी वही काढून शेरीलला विचारायला लागले. हे काय? पाणवठा. आणि ही रेघ? दोघी बहिणी इथून आल्या. मग? बसल्या, विसावल्या. मग पुढे काय झालं? गेल्या. कुठे? का?

शेरील शांतपणे म्हणाली, "गोष्ट एवढीच आहे. तुमच्यासाठी एवढीच."

कानाच्या पाळ्या तापल्या. वही बंद केली.

तेवढ्यात आजींनी हनुवटीने बाबांकडे खूण केली. शेरील मला म्हणाली, "आजी विचारतेय, यांचा मुलूख कुठला?"

मी बाबांना मराठीत सांगितलं आणि सांगतानाच कळलं की आता ते होणार. झालं. पिकनिकचाच चेहरा. "नाशिक. चार दोन दोन, शून्य शून्य एक."

मी तसंच सांगितलं. शेरीलनेही तसंच. आजी हसायला लागल्या, टोपी हलेपर्यंत. "आजी म्हणते, हा तर फोन नंबर झाला."

बाबाही हसले. हसले! मग आजींनी ब्रश डब्यावर ठेवला आणि वेगळं विचारलं. यांच्या बापाने कुठली जागा सांभाळली?

बाबा कॅनव्हासकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला सांग, सांभाळली. पण ती आमची नव्हती."

मी सांगितलं. शेरीलने सांगितलं. आजींनी मान डोलावली. पुढे काही विचारलं नाही — काहीच नाही. फक्त रंगाचा एक डबा बाजूला सरकवला, बाबांच्या गुडघ्याला जागा व्हावी म्हणून. आणि पुन्हा ठिपके.

नाइन्टीसिक्स हायवेवरून घरी येताना दहा प्रश्न जिभेवर होते. स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं.

१० सप्टेंबर, रविवार

काल रात्रीपासून हेच. मी पस्तीस वर्षं बाबांना जे विचारत आले, ते मालिनीकाकूंच्या प्रश्नाहून कुठे वेगळं होतं? मलाही सांगायला काहीतरी हवं होतं. टूरमध्ये, पिकनिकला, ट्रेनिंगच्या गोलात. मला उत्तर हवं होतं. बाबांना काय हवंय हे कधी विचारलंच नाही.

आजींनी जागा करून दिली. मी कायम वही काढली.

आता विचारायचं नाही. कळलं नाही तर नाही कळलं. बाबा या घरात आहेत, सकाळी त्यांच्या खोकल्याने जाग येते — हे कमी आहे का?

१३ सप्टेंबर, बुधवार

विचारलं नाही. अवघड आहे!

१४ सप्टेंबर, गुरुवार

ऑफिसला उशिरा येते असं कळवलं आणि बाबांबरोबर फेरीला गेले. "चल," एवढंच म्हणाले.

फाटकाजवळच्या मोठ्या शोभेच्या दगडापासून सुरुवात. मग विटांची भिंत, आगीच्या बंबाचा हायड्रंट, तळ्याकाठचं विलोचं झाड, मिसेस कोवाल्स्कींचा मेलबॉक्स, मागचं गटाराचं झाकण, आणि परत दगड. प्रत्येक ठिकाणी हात लावतात, झाकणाला पायाचा अंगठा. घाई नाही. सबडिव्हिजनची हद्द जिथे वळते, नेमकं तिथे तिथे. चार वर्षं इथे राहून मला ती हद्द कुठून जाते ते आज कळलं.

दगडापाशी परत आल्यावर म्हणाले, "हा इथला नाही. जुलैत गवत कापणाऱ्यांनी सरकवला. मी भूषणला सांगितलं होतं, तो हसला." मी वाकून बघितलं. हातभर पलीकडे गवतात पिवळा, उघडा गोल.

मिसेस कोवाल्स्की बागेत होत्या. मी माफी मागायला गेले तर त्यांनीच पिशवीभर टोमॅटो दिले. म्हणाल्या, आता ते आले की मला साडेसात वाजलेले कळतात. कृपाच म्हणायची.

१७ सप्टेंबर, रविवार

बाबांनी सांगितलं.

मी विचारलं नव्हतं. तळ्याच्या बाकावर बसलो होतो, टोमॅटोचा विषय चालला होता. मध्येच म्हणाले, "बा असाच फिरायचा. शिवेवरून."

बा म्हणजे त्यांचे वडील, माझे आजोबा. गावच्या शिवेचे दगड राखणं ही महारकीतली एक कामगिरी. कुठला दगड कुठे, कुठल्या झाडापासून किती — ते त्यांना तोंडपाठ. कागद पाटलाकडे, पण दगड बाच्या हवाली. लहानपणी बाबा त्यांच्यामागून चालायचे. प्रत्येक खुणेला हात लावायचा, म्हणजे हाताला आठवतं.

मी भारावून काहीतरी बोलले असेन. बाबा चटकन म्हणाले, "कौतुक नको. मानाचं काम नव्हतं ते. खूण आम्ही राखायची, जमीन त्यांची. आणि पोटाला शिळी भाकरी."

मग पुढचं. बाबा नऊ-दहा वर्षांचे असतील. ओढ्याला पूर आला आणि शिवेवरचा एक दगड वाहून गेला. शेजारचं गाव म्हणे ते शेत आमचं, आमचं गाव म्हणे आमचं. मामलेदार आले. शेवटी बाला बोलावलं. डोक्यावर ओल्या मातीचं ढेकूळ ठेवायचं, आणि शीव दाखवत चालायचं. खोटं चाललं तर ती माती खाईल, अशी शपथ. पुढे बा, मागे दोन्ही गावं, त्यात छोटे बाबा. कुणी बोलायचं नाही. बा एका जागी थांबला. म्हणाला, दगड इथं होता. आणि शेत शेजारच्या गावात गेलं.

त्या दिवशी कुणी काही केलं नाही. मग पाणी बंद झालं. मग धान्य. मग एका दुपारी झोपडी पेटली. बा सगळ्यांना घेऊन शेजारच्या गावाच्या वेशीपाशी गेला — त्यांचं शेत वाचवलं होतं ना. ते म्हणाले, "आमच्या गावाला आमचे महार आहेत."

तिथून नाशिक. बा स्टेशनवर हमाली करत राहिला आणि हमालीतच गेला.

बाबांनी गावाचं नाव सांगितलं. दगडांची, झाडांची नावंही, ओळीने, गाण्यासारखी. मी ऐकली. मग म्हणाले, "हे तुझ्या टूरवाल्यांना नको." मी शब्द दिला. म्हणून नाव इथेही लिहीत नाही. तुझ्यापासून आजवर काही लपवलं नव्हतं, पण हे माझं एकटीचं नाही. तुझ्यासाठी एवढीच गोष्ट.

घरी येऊन भात लावला आणि कुकरसमोर उभी राहून रडले. दुःखाने नव्हे. मला आजोबा मिळाले.

१८ सप्टेंबर, सोमवार

दिवसभर छाती भरून आलेली. दोन गावं मागे उभी असताना, घर जाईल हे कळत असताना माणूस खरं तिथेच थांबला! आम्ही जे काही आहोत ते त्या एका थांबण्यातून. बाबांचं शिक्षण, माझं, हे घर.

(असा अभिमान बरा का? बाबा म्हणाले कौतुक नको. पण मी महारकीचं कौतुक करत नाहीये, बाचं करतेय. फरक आहे. आहे ना?)

हर्षिताला सांगितलं, बाबांना विचारूनच. ऐकताना तिने एका कानातली वायर काढली. दुसऱ्याही कानातली काढली.

२१ सप्टेंबर, गुरुवार

हर्षिता आज फेरीला आली, आपणहून! शाळेची बस यायच्या आधी. दगडापाशी आजोबांना म्हणाली, "लेट्स फिक्स इट," आणि दोघांनी मिळून तो रेटत पिवळ्या गोलावर नेऊन बसवला. मीही खांदा लावला. घरमालकांच्या असोसिएशनने दंड केला तर भूषण भरेल.

मग तळ्याकाठी तिने साधंच विचारलं. "आजोबा, हाउ डिड ही नो? म्हणजे दगड तर गेला होता ना?"

बाबा चालता चालता थांबले. मला वाटलं गुडघा धरला. मग म्हणाले, "चला, बस येईल."

मी विचारलं नाही.

२३ सप्टेंबर, शनिवार

मेव्हिस आजी उद्या परत जाणार. बाबांना घेऊन निरोप द्यायला गेले. चित्र पुरं होऊन भिंतीवर लागलं होतं. बाबा म्हणाले, भिंतीवर ओळखू येत नाही, जमिनीवर ओळखीचं वाटत होतं. शेरीलने ते सांगितलं तर आजींनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. बाबांनी जयभीम केला. आजींनीही केला, टोपीसकट.

बॅगा भरायला घेतल्यात. चार महिने पुरले नाहीत असं म्हणणार नाही. खूप दिलं.

२४ सप्टेंबर, रविवार

चहाच्या वेळी बाबा हर्षितालाच म्हणाले, "परवा तू विचारलंस ना, त्याला कसं ठाऊक? मला ठाऊक नाही, बाळ. तिथे एक बाभळ होती. मी रोज हात लावायचो. मला दगड बाभळीच्या पलीकडे आठवतो. बा अलीकडे थांबला. माझं खरं असेल, तर ते शेत आमच्याच गावाचं." कप खाली ठेवला. "मी कुणाला बोललो नाही. बालासुद्धा नाही."

मग म्हणाले, नागपूर झालं की थांबतो, डिसेंबरात तुम्ही या, एकटा जाणार नाही त्या शिवेवर. "पुढे ही चालेल. मी मागे. त्या दिवशीही मागेच होतो."

हर्षिता म्हणाली, "ओके, आजोबा."

उद्या: हर्षिताचा पासपोर्ट शोधायचा.